देवाविषयी लहान मुलाला काय सांगावे आणि केव्हा? मारिया माँटेसरी यांचे धर्मशिक्षणाचे काम

मारिया माँटेसरी हे नाव मराठी वाचकाला बालवाड्यांच्या पाट्यांवरून परिचित आहे. गुलाबी मनोरा, भोकांत बसवायचे दट्टे, बोट फिरवून गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे हे त्यांचे साहित्य आपल्याकडे अनेक पिढ्यांनी हाताळले आहे. त्यांच्या कामाचा एक मोठा भाग मात्र आपल्यापर्यंत फारसा पोहोचला नाही. माँटेसरी कॅथलिक होत्या. लहान मुलाला ख्रिस्ती उपासनेची ओळख कशी करून द्यावी, या प्रश्नावर त्यांनी 1915 च्या सुमारापासून बार्सिलोना येथे प्रत्यक्ष प्रयोग केले. त्या अनुभवावर 1922 साली त्यांचे एक पुस्तक निघाले, 1931 मध्ये उपासनेच्या वर्षचक्रावर दुसरे आले आणि 1932 मध्ये मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची कॅथलिकांची मुख्य उपासना, मुलांना समजावून सांगणारे तिसरे प्रसिद्ध झाले. त्यांच्या शिक्षणपद्धतीला मागाहून जोडलेली पुरवणी म्हणून या कामाकडे पाहिले जाते, पण मला ते पटत नाही. मुलाची वाढ कशी होते याविषयी त्यांनी जे ओळखले होते, त्याची सर्वांत कठीण परीक्षा त्यांनी याच विषयात घेतली, असे मला वाटते.

त्या काळी धर्मशिक्षण कसे चाले, हे आधी पाहिले पाहिजे. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेनंतरच्या शतकांत कॅथलिक जगात मुलांना धर्म शिकवण्याचे मुख्य साधन प्रश्नोत्तरांची पुस्तिका हे होते. गुरूने विचारायचे, शिष्याने ठरलेले उत्तर जसेच्या तसे म्हणायचे. आपल्याकडेही ही पद्धत फार लवकर आली. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे थॉमस स्टीफन्स यांची कोकणी भाषेतील 'दौत्रिना क्रिस्ताँ' ही पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली गोव्यात रायतूर येथे छापली गेली, तिची रचनाही गुरुशिष्यांच्या संवादाचीच आहे. या पद्धतीचे मोल नाकारता येणार नाही, कारण ग्रंथ दुर्मीळ असलेल्या समाजात पाठांतरानेच श्रद्धेची भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. परंतु तीत एक गृहीतक दडलेले आहे. धर्म म्हणजे मोठ्यांनी मांडलेली विधाने, आणि मूल म्हणजे ती विधाने आज साठवून ठेवणारा व पुढे कधीतरी समजून घेणारा लहान माणूस, असे ते गृहीतक आहे. माँटेसरींचा मतभेद नेमका येथे होता.

माँटेसरी मूळच्या डॉक्टर. 1896 साली रोम विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसोबत काम केले. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांनी पाहिलेला एक प्रसंग त्यांच्या साऱ्या विचारांच्या मुळाशी आहे. सुमारे 3 वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांत बसवण्याच्या कामात गुंतली होती. माँटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी ती थांबली नाही. तिने ते काम 42 वेळा केले आणि मग आपण होऊन, जणू गाढ विश्रांती मिळाल्यासारखी, प्रसन्न होऊन थांबली. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही, ही मोठ्यांची समजूत या प्रसंगाने खोटी ठरवली. लक्ष टिकते, मात्र काम मुलाच्या त्या वेळच्या गरजेचे असावे लागते आणि मध्ये कोणी ढवळाढवळ करता कामा नये.

अशा निरीक्षणांतून त्यांनी वाढीचे जे चित्र उभे केले, त्यातील तीन गोष्टी येथे आवश्यक आहेत. पहिली म्हणजे जन्मापासून सुमारे 6 वर्षांपर्यंतचे मन भोवतालचे सर्व काही प्रयत्नाशिवाय आत घेते. मातृभाषा मुलाला कोणी व्याकरण शिकवून येत नाही, ती त्याच्यात उतरते. तसेच घरातील वागण्याची रीत, सूर आणि भावही उतरतात. दुसरी गोष्ट म्हणजे संवेदनशील काळ. भाषा, क्रम, हालचाल, बारीकसारीक वस्तू यांची ओढ ठराविक काळात उफाळून येते आणि तो काळ सरला की तीच गोष्ट शिकायला कष्ट पडतात. तिसरी गोष्ट अशी की 6 ते 12 या वयातील मूल जवळजवळ वेगळेच मूल असते. ते कारणे विचारते, सवंगड्यांचा गट शोधते, न्याय आणि अन्याय यांवर वाद घालते आणि कल्पनेने दूरच्या काळात व प्रदेशात जाऊ शकते. म्हणून एकच धर्मपाठ चौथ्या आणि नवव्या वर्षी सारख्याच रीतीने देणे ही माँटेसरींच्या दृष्टीने मूळचीच चूक ठरते.

याच सुमारास चर्चमध्येही एक बदल झाला होता. पोप दहावे पायस यांनी ऑगस्ट 1910 मध्ये एका आदेशाने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचे, वय साधारण सातव्या वर्षापर्यंत खाली आणले. तोपर्यंत अनेक ठिकाणी मुलांना वयाच्या दहाव्या, बाराव्या किंवा त्याहूनही पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागत असे. साध्या भाकरीपासून ही पवित्र भाकर वेगळी आहे एवढे मुलाला ओळखता आले तरी पुरे, अशी या आदेशामागील भूमिका होती. माँटेसरींना हा निर्णय अतिशय मोलाचा वाटला. लहान मूल पवित्र गोष्टीच्या जवळ येऊ शकते हे चर्चने मान्य केले होते, पण त्याने जवळ कसे यावे हा प्रश्न उघडाच होता आणि तो शिक्षणशास्त्राचा प्रश्न होता.

बार्सिलोनात 1915 मध्ये माँटेसरी शाळा सुरू झाली. त्या काळी कॅतालोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्यात आहे त्या स्पेनच्या प्रांतात, उपासनेच्या नवजागरणाची चळवळ जोरात होती. त्याच वर्षी माँतसेरात येथील बेनेडिक्टाइन मठात उपासनाविषयक परिषदही भरली होती. या वातावरणात माँटेसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी एक छोटे प्रार्थनागृह उभारले. तेथे खुर्च्या मुलांच्या उंचीच्या होत्या, दाराजवळचे पवित्र पाण्याचे पात्र मुलाचा हात पोहोचेल इतके खाली होते आणि चित्रे मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत टांगलेली होती. त्याला लागून एक खोली होती, तिला 'आत्रियम' म्हणत. प्राचीन चर्चमध्ये बाप्तिस्म्याची तयारी करणारे लोक ज्या प्रवेशप्रांगणात थांबत, त्यावरून हे नाव घेतले होते. या खोलीत छोटी वेदी, छोटा प्याला, धर्मगुरूंच्या वस्त्रांच्या लहान प्रतिकृती आणि उपासनेच्या वर्षाचे रंग दाखवणारे साहित्य होते: नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा व ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाचा जांभळा, सणांचा पांढरा, सामान्य काळाचा हिरवा आणि पवित्र आत्म्याच्या व हुतात्म्यांच्या दिवसांचा लाल.

या प्रयोगातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट शेतीची आहे. मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षवेली जोपासल्या. त्या गव्हापासून मिस्सासाठी भाकर आणि त्या द्राक्षांपासून द्राक्षारस तयार व्हायचा होता. भाकर आणि द्राक्षारस हे 'पृथ्वीचे आणि मानवी श्रमांचे फळ' आहेत, हे वाक्य मोठ्यांना एका क्षणात सांगता येते. परंतु ज्या मुलाने दाणा मातीत टाकला, अंकुराची वाट पाहिली, पीक पिवळे होताना पाहिले आणि कापणीच्या दिवशी फुले माळून तो सणासारखा साजरा केला, त्या मुलाला ते वाक्य कोणी सांगावे लागत नाही. वेदीवर ठेवलेली वस्तू कोठून आली हे त्याच्या हातांना माहीत असते.

आणखी एक गोष्ट माँटेसरींनी तेथे टिपली. बालगृहात मुले खुर्ची आवाज न करता उचलायला शिकत, भरलेला पेला न सांडता नेत, रेषेवरून तोल सांभाळून चालत, आणि मौनाच्या खेळात इतकी निश्चल बसत की दुसऱ्या खोलीतून कुजबुजून घेतलेले आपले नाव त्यांना ऐकू येई. हे सर्व व्यायाम त्यांनी स्नायूंवर आणि स्वतःवर ताबा यावा म्हणून आखले होते, त्यांत धर्माचा हेतू नव्हता. प्रार्थनागृहात आल्यावर मात्र त्याच हालचालींना प्रयोजन मिळाले: पेटती मेणबत्ती नेणे, फुलदाणीत पाणी ओतणे, गुडघे टेकणे, शांत बसून ऐकणे. आपली पद्धत जणू येथे येण्यासाठीच वाढत होती, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. हे विधान भाबडे वाटू शकेल, पण त्यामागील निरीक्षण पक्के आहे. कॅथलिक उपासना मुख्यतः कृतींची बनलेली असते आणि सहा वर्षांखालील मूल मुख्यतः कृतींतून विचार करते. प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेने उपासनेतील कृती बाजूला ठेवून मुलाला केवळ विधाने दिली होती. माँटेसरींनी तो क्रम उलटा केला.

साहित्याचे कार्य काय, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज होतो. छोटी वेदी हे खेळणे नाही आणि शिक्षिकेने धडा रंजक व्हावा म्हणून दाखवायचे चित्रही नाही. शिक्षिका एकदा, थोडक्या शब्दांत, हळूहळू सादरीकरण करते आणि मग दूर होते. त्यानंतर मूल ते साहित्य हवे तेव्हा फडताळातून काढते, मांडते, पुन्हा मांडते. समज त्या पुनरावृत्तीत घडते, शिक्षिकेच्या बोलण्यात नव्हे. त्यामुळे ती वाढवून सांगू लागली किंवा मूल काम करत असताना 'यातून आपण काय शिकलो?' असे विचारू लागली, तर साहित्य निरुपयोगी होते.

कॅथलिक वर्तुळांतून या कामावर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. मूल आपल्या आतल्या प्रेरणेने चांगल्याकडे वळते असे म्हणणारी शिक्षणपद्धती आदिपापाची शिकवण, म्हणजे माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो ही शिकवण, विसरते की काय, अशी टीकाकारांची शंका होती. माँटेसरींचे उत्तर साधारण असे होते की मुलात दोष नाहीत असे त्या म्हणत नाहीत. आपण मुलाचा स्वभाव म्हणून जे पाहतो त्यातले पुष्कळसे हट्ट, भीती आणि चंचलता मोठ्यांच्या अडथळ्यांतून जन्मते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर किती पुरेसे आहे यावर मतभेद राहतील. शिक्षिकेच्या दृष्टीने मात्र त्यात एक व्यावहारिक सूचना आहे: मूल प्रार्थनेच्या वेळी चुळबुळ करत असेल, तर त्याला दटावण्याआधी आपण त्याच्यापुढे काय ठेवले आहे ते तपासावे.

1934 मध्ये इटलीतील माँटेसरी शाळा फासिस्ट राजवटीने बंद केल्या आणि 1936 मध्ये स्पेनच्या यादवी युद्धामुळे माँटेसरींना बार्सिलोना सोडावे लागले. 1939 साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मुलगा मारिओ यांच्यासह मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. येथे त्यांच्याकडे शिकायला येणारे शिक्षक नाना धर्मांचे होते. अशा वर्गात त्यांचे काम मुलाच्या वाढीच्या सर्वसाधारण तत्त्वांवर केंद्रित झाले यात नवल नाही. महाराष्ट्रात तर त्यांची पद्धत त्याआधीच पोहोचली होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. ताराबाईंनी पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी महाग साहित्याऐवजी भोवतालच्या वस्तू वापरून तीच तत्त्वे रुजवली. या प्रवासात बार्सिलोनाचे आत्रियम मागे राहिले. ते स्वाभाविकच होते. तरीही वसई, गोवा किंवा अहिल्यानगरकडील (पूर्वीचे अहमदनगर) ख्रिस्ती पालकांपैकी, जे आपल्या मुलांना माँटेसरी बालवाडीत आणि रविवारी धर्मशिक्षणाला असे दोन्हीकडे पाठवतात, त्यांपैकी फार थोड्यांना हे दोन धागे एकाच बाईच्या हातून निघाले आहेत याची कल्पना असते.

हा धागा पुढे नेला तो रोममधील दोन स्त्रियांनी. सोफिया कव्हालेत्ती या हिब्रू भाषा आणि बायबलच्या अभ्यासक होत्या, मुलांशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता. 1954 मध्ये एका मैत्रिणीने आपल्या 7 वर्षांच्या मुलाला थोडे धर्मशिक्षण द्यावे अशी त्यांना विनंती केली. काय करावे हे न सुचून त्यांनी बायबल उघडले आणि उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली पाने त्याच्यासोबत वाचायला घेतली. दोन तास गेले, तरी मुलाला उठावेसे वाटेना. पुढे माँटेसरींसोबत काम केलेल्या जान्ना गोब्बी त्यांना येऊन मिळाल्या आणि बायबलची विद्वत्ता व बालविकासाचे ज्ञान यांचा संयोग झाला. त्यांच्या आत्रियममध्ये जे साहित्य मुले पुन्हापुन्हा घेत ते टिकले, ज्याकडे मुले वळत नसत ते कितीही सुंदर असले तरी काढून टाकले गेले. या गाळणीतून जे उरले, ते आज 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' या नावाने अनेक देशांत चालते.

उत्तम मेंढपाळाचा दृष्टांत मध्यभागी का आला, हे समजले की सारी पद्धत समजते. बायबलमधील योहानच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात येशू म्हणतो की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ती त्याचा आवाज ओळखतात आणि तो त्यांच्या पुढे चालतो. 3 ते 6 वर्षांच्या मुलांना हा उतारा लाकडाचा छोटा मेंढवाडा, मेंढपाळाची आकृती आणि काही मेंढरे यांसह सादर केला जातो. मेंढरे म्हणजे आपण, असे शिक्षिका सांगत नाही. ती फक्त म्हणते: ही मेंढरे कोण असतील बरे, ज्यांच्यावर तो इतकी माया करतो? उत्तर काही दिवसांनी येते, कधी काही महिन्यांनी, आणि ते मुलाचे स्वतःचे असते. कव्हालेत्तींच्या ध्यानात असे आले की या वयाची मुले दृष्टांतातील धोक्यापेक्षा 'नावाने हाक मारतो' या शब्दांवर थांबतात. बालविकासाच्या दृष्टीने याचे कारण स्पष्ट आहे: या वयाची मूलभूत गरज सुरक्षित नात्याची असते. आधी नाते पक्के झाले, तर नीतीचा उपदेश पुढे आपल्या जागी येतो. क्रम उलटा झाला तर देव म्हणजे चुका मोजणारा मोठा माणूस, अशी प्रतिमा मुलाच्या मनात बसते आणि ती पुसणे फार अवघड असते.

मिस्साचे सादरीकरणही असेच गाळून घेतलेले आहे. पूर्ण विधी एकदम न दाखवता एकेक कृती सुटी करून दाखवली जाते. द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळणे ही त्यातली एक. दोन्ही हात भाकर व प्याल्यावर वरून खाली आणणे ही दुसरी, आणि भाकर व प्याला वर उचलून अर्पण करणे ही तिसरी. खाली येणारे हात आणि वर जाणारे हात एवढे पाहून चार-पाच वर्षांचे मूल काहीतरी वरून येते आहे आणि काहीतरी आपण वर देतो आहोत हे ओळखू शकते. कृपादान आणि प्रतिसाद यांविषयी धर्मशास्त्राचे ग्रंथ जे विस्ताराने सांगतात, त्याचा गाभा या दोन कृतींत आहे. मूल जितके लहान, तितके त्याला अधिक गाभ्याचे द्यावे, ही कव्हालेत्तींची धारणा येथे दिसते. आपण बहुधा नेमके उलट करतो: लहानांना गोड पण किरकोळ गोष्टी सांगतो आणि गाभा मोठेपणासाठी राखून ठेवतो.

सहाव्या वर्षानंतर साहित्य बदलते, कारण मूल बदललेले असते. आता त्याला 'मी कसे वागावे?' हा प्रश्न पडतो, म्हणून जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत येतो. येशू स्वतःला वेल आणि शिष्यांना तिचे फाटे म्हणतो त्या खऱ्या द्राक्षवेलीच्या उताऱ्यातून आपण एकमेकांशी कसे जोडलेले आहोत हे पुढे येते. जगाच्या निर्मितीपासून आजपर्यंतचा आणि अजून न लिहिलेल्या भविष्याकडे जाणारा काळ लांबच लांब फितीवर उलगडला जातो, आणि मोठ्या काळाच्या कल्पनेला आसुसलेले नऊ वर्षांचे मूल त्या फितीवर आपली जागा शोधते. हीच फीत चार वर्षांच्या मुलापुढे पसरली तर त्याच्या दृष्टीने ती फक्त कापडाची पट्टी असते.

या साऱ्या कामाला सर्वांत गंभीर आव्हान मानसशास्त्राकडून आले. ब्रिटनमधील रोनाल्ड गोल्डमन यांनी मुलांची विचारशक्ती टप्प्याटप्प्याने वाढते असे मांडणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या सिद्धांताच्या आधारे 1964 साली असे मांडले की बायबलमधील बराच आशय अमूर्त असल्याने किशोरवयापूर्वी मुले तो चुकीच्या, शब्दशः अर्थाने घेतात. म्हणून लहान वयात बायबल फारसे शिकवूच नये. गोल्डमन यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे आणि ज्याने लहान मुलांना धर्मपाठ दिला आहे त्याला त्याचा प्रत्यय आलेला असतो. मात्र त्यांनी मुलांना गोष्टी सांगून त्यावर प्रश्न विचारले आणि मिळालेल्या शाब्दिक उत्तरांवरून समज मोजली. मुलाला जे कळते आणि त्याला जे शब्दांत सांगता येते यांत मोठे अंतर असते, हे तर माँटेसरींचे अगदी आरंभीचे निरीक्षण होते. कव्हालेत्तींनी मुलांची चित्रे, साहित्याची त्यांनी केलेली निवड आणि आपण होऊन केलेल्या प्रार्थना यांच्या नोंदी ठेवल्या. सहा वर्षांखालील मुलांच्या प्रार्थनांत मागणे फार थोडे आणि आभार व आनंद अधिक असतो, असे त्यांना आढळले. ही नियंत्रित प्रयोगांतून आलेली संशोधने नव्हेत, आणि श्रद्धावान निरीक्षकाच्या नजरेची छाया त्यांवर असणार हे मान्य केले पाहिजे. तरीही गोल्डमन यांच्या मोजपट्टीत जे मावत नव्हते, ते त्यांत दिसते.

एक प्रश्न श्रद्धेच्या बाहेर उभा असलेला वाचक विचारील, आणि तो त्याने विचारलाच पाहिजे. मन सर्व काही शोषून घेत असते त्याच वयात धर्म देणे म्हणजे मुलाच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण नव्हे काय? माँटेसरींच्या तर्काने पाहिले तर धर्माविषयी काहीही न सांगणे हीसुद्धा तटस्थता ठरत नाही, कारण मूल त्या मौनातूनही काहीतरी शोषून घेतच असते. हे उत्तर मला अर्धेच पटते. घरातील भाषेप्रमाणे घरातील श्रद्धाही मुलाकडे जाणार, हे खरे; पण ती जाताना मुलाला मागे सरण्याची, साहित्य फडताळात परत ठेवण्याची आणि 'आज मला हे नको' म्हणण्याची मुभा राहते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. आत्रियमच्या रचनेत ती मुभा आहे: तेथे परीक्षा नाही, गुण नाहीत, सर्वांनी एकाच वेळी एकच पाठ घेण्याची सक्ती नाही. अमेरिकेतील जेरोम बेरिमन यांनी या पद्धतीवरून प्रेरणा घेऊन प्रॉटेस्टंट चर्चसाठी जी पद्धत तयार केली, तीतही गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षक ज्यांचे ठरलेले उत्तर नाही असेच प्रश्न मोकळे सोडतो आणि मुलांना चित्र काढायला, मातीकाम करायला किंवा नुसते बसून राहायला वेळ देतो. आपल्याकडील धर्मशिक्षण वर्गांत वर्षअखेर पाठांतराची परीक्षा आणि बक्षिसे असतात तेथे ही मुभा कशी आणायची, हा प्रश्न साहित्य विकत आणण्यापेक्षा कठीण आहे, कारण तेथे बदलायचे असते ते शिक्षकाचे बोलणे आणि पालकांची अपेक्षा.